खुर्ची हलवून पुन्हा तपासावे

भावोजी आमच्या घरी पहिल्यांदा आले ते विजेचं मीटर तपासायला. दार ताईने उघडलं. तिच्याकडे धड न बघता ते भिंतीवरच्या मीटरपुढे अर्धा तास उभे राहिले आणि मग म्हणाले, "तुमचं मीटर हळू चालतंय." बाबा चिडले. सील शाबूत आहे, तारेला कुणी हात लावलेला नाही, मग हळू कसं चालेल? त्यावर भावोजींनी दिलेलं उत्तर आम्ही पुढे तीस-बत्तीस वर्षं ऐकत आलो. "सील शाबूत असणं वेगळं आणि मीटर खरं असणं वेगळं." त्या महिन्यात तेच मीटर तपासायला ते आणखी तीनदा आले. बाबा म्हणाले, एवढी तपासणी तर चोराच्या घरचीही होत नाही. चौथ्या खेपेला ताईनेच विचारलं, मीटरसाठी येता की आणखी कशासाठी? हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. सहा महिन्यांत दोघांचं लग्न झालं.

मी त्यांना शंकासुर म्हणते. मागून नाही, तोंडावर म्हणते. घरात ताप बघायला तीन थर्मामीटर, वेळ बघायला तीन घड्याळं, कारण दोन असली आणि त्यांचं पटलं नाही तर कुणाचं ऐकायचं? माझं आणि ताईचं कपडे शिवण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. दर वर्षी एकदा भावोजी दुकानात येऊन आमच्या मापाच्या टेपा पोलादी पट्टीला लावून बघायचे. टेप वापरून वापरून ताणली जाते, हे खरं आहे. पण एकदा एक टेप अर्धा सेंटीमीटर जास्त निघाली म्हणून त्यांनी ती तिथल्या तिथे कात्रीने चार ठिकाणी कापली. ताई म्हणाली, "बरं झालं, निम्मं गाव सैल कपड्यांत हिंडत होतं." आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला गेली.

एका माणसावर मात्र त्यांनी कधी शंका घेतली नाही. ताई "पाच मिनिटांत येते" म्हणून जायची आणि तासाने उगवायची. हा तीन घड्याळं बाळगणारा माणूस म्हणायचा, "पाचच झाली असतील." मी कपाळावर हात मारायचे. मूलबाळ झालं नाही, त्याचं दोघांनीही कधी कुणाला स्पष्टीकरण दिलं नाही. एकमेकांत रमलेले होते ते.

आता शिडीचं सांगते. सांगायला नको वाटतं, म्हणूनच आधी सांगते. दुकानातल्या माळ्यावर कापडाचे गठ्ठे असतात आणि तिथे चढायला एक लाकडी शिडी होती. भावोजी चार वर्षं सांगत होते की ती डुगडुगते. पण जो माणूस थर्मामीटरवर, टेपेवर, पावाच्या पाकिटावरच्या तारखेवर, सगळ्यांवरच संशय घेतो, त्याचं लांडगा आला रे आला झालं होतं. मी एकदा म्हणाले, "भावोजी, शिडीलाही एक मीटर लावून टाका." ताई इतकी हसली की तिला तोंडात धरलेल्या टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या. त्यानंतर दीड महिन्याने भर दुपारी शिडी सरकली. वर चढलेली ताई पडली आणि तिचं डोकं कापायच्या टेबलाच्या कडेवर आपटलं. मी तीन हातांच्या अंतरावर शिलाई मारत बसले होते.

"मी सांगितलं होतं" असं भावोजी एकदाही म्हणाले नाहीत. ते कधी म्हणतील याची मी रोज वाट बघत होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

ताई अकरा दिवस श्वासाच्या यंत्रावर होती. मग यंत्र निघालं आणि एका सकाळी तिने डोळे उघडले. मी वॉर्डातच रडायला लागले. मला वाटलं, सुटलो. पण डोळे उघडणं म्हणजे जागं होणं नव्हे, हे तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि पुढच्या महिन्यांत आमचं आम्हालाही समजलं. ती सकाळी डोळे उघडायची, संध्याकाळी मिटायची, जांभई द्यायची. पण बघायची नाही. तिच्या डोळ्यांसमोर गेलं की डोळे तिथेच राहायचे आणि आपण तिथे नसल्यासारखं वाटायचं. चार महिने असे गेले.

मग तिला दुसऱ्या वॉर्डात हलवलं. आठ खाटा, एक मोठी खिडकी, प्रत्येक खाटेशी एक खुर्ची. इथे रोज हातापायांचा व्यायाम, बोलून बघणं, आवाज ऐकवणं असं सगळं करून घेत. पण जागा कायमची नव्हती. दोन महिन्यांनी डॉक्टर मंडळी बसणार आणि ठरवणार. ताईकडून काही खात्रीची खूण मिळाली, तर ती इथेच राहणार. नाही मिळाली, तर शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात. मी ते जाऊन बघून आले होते. स्वच्छ होतं. दर दोन तासांनी कूस बदलतात, नळीतून पोटात अन्न घालतात, आणि तेवढंच. तिथून घरी परत आलेलं माणूस मला कुणी दाखवू शकलं नाही.

वॉर्डाची डॉक्टर आमच्या निम्म्या वयाची होती, पण बोलायला नीट. तिने आम्हाला एका अभ्यासाबद्दल सांगितलं.

"काका, डोकं उघडायचं नाही, टोचायचं नाही. कपाळावर दोन ओले स्पंज लावायचे आणि त्यातून अगदी बारीक करंट सोडायचा. रोज वीस मिनिटं. दोन मिलिअँपिअर."

"आमच्या झिरोच्या दिव्याला याच्या तीसपट लागतो," भावोजी म्हणाले.

"म्हणून तर भीती नाही."

"म्हणूनच भीती आहे. एवढ्याशाने काय होणार?"

"होईलच असं मी म्हणतच नाही. काही पेशंटना फरक पडलाय, बऱ्याच जणांना नाही पडला. कुणाला पडतो ते आम्हाला अजून नीट कळलेलं नाही. म्हणून अभ्यास."

त्या उत्तराने माझा तिच्यावर विश्वास बसला. भावोजींचा होता तोही उडाला. बाहेर आल्यावर म्हणाले, "जो आधीच 'कदाचित' म्हणून ठेवतो, त्याला पुढे कशात पकडता येत नाही."

अभ्यासाचा नियम असा होता. एक पंधरवडा खरा करंट आणि एक पंधरवडा दिखाऊ. दिखाऊ म्हणजे पेटी चालू होणार, हिरवा दिवा लागणार, कातडीला चुणचुणण्यापुरता मिनिटभर करंट जाणार आणि मग आतल्या आत बंद होणार. दिवा मात्र वीस मिनिटं तसाच. दोन्ही पंधरवड्यांच्या मध्ये एक आठवडा सुट्टी. आधी खरा की आधी दिखाऊ, हे डॉक्टरणीला माहीत नाही, पेटी लावणाऱ्या बाईंना नाही, दर शनिवारी येऊन ताईला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. ते दुसऱ्या शहरातल्या कचेरीत बसलेला कुणीतरी ठरवणार. घरच्यांनी रोज एका वहीत जे दिसेल ते लिहायचं.

"एवढी लपवाछपवी कशाला?" भावोजींनी विचारलं.

"आशा असली की नसलेलं दिसतं, काका. मलासुद्धा दिसतं."

भावोजींनी संमतीचा कागद चार वेळा वाचला आणि सही केली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. हा माणूस पोस्टमनच्या कागदावरसुद्धा उलटसुलट करून बघितल्याशिवाय सही करत नाही.

पेटी रोज सकाळी अकराला लागायची. पेटीवाल्या बाई स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवायच्या, रबरी पट्ट्याने कपाळावर बसवायच्या, बटण दाबायच्या आणि पुढच्या खाटेकडे जायच्या. मी तेव्हा दुकानात. दुपारी दुकान बंद करून दोनला पोचायचे. तोपर्यंत भावोजी एकटे तिथे असायचे, नोकरीतल्या जुन्या तपकिरी पिशवीसह. ती पिशवी ते खाली ठेवत नव्हते. मांडीवर घेऊन बसायचे.

तिसऱ्या दिवशी मी गेले तर भावोजींनी खुर्ची फिरवलेली. खाटेकडे पाठ, खिडकीकडे तोंड, हातात वर्तमानपत्र. चौथ्या दिवशी तसंच, पाचव्या दिवशी तसंच. मी विचारलं, "असं काय बसलात?" म्हणाले, "उजेड इकडून येतो." वहीत त्यांचं अक्षर एकच, रोजचं. 'काही नाही.' कधी कधी तर मी पोचायच्या आधीच लिहून ठेवलेलं.

मी मात्र डोळ्यांत तेल घालून बसायचे. नवव्या दिवशी मी दुकानातला हात-आरसा नेला. पाठीमागून कपडा कसा बसलाय ते गिऱ्हाइकाला दाखवायला आम्ही तो ठेवतो. ताईनेच आणलेला, मुठीवर तिने चिंधी गुंडाळलेली. तो तिच्या चेहऱ्यासमोर धरला आणि हळूच डावीकडे नेला. डोळे हलले. आरशाबरोबर हलले. परत मध्ये आणला, परत नेला, परत हलले. तिसऱ्यांदा करायला मी थांबलेच नाही, मागे वळले.

"भावोजी, बघा. तिने आरसा बघितला."

त्यांनी मान वळवली, पूर्ण नाही, अर्धीच. "आरशात उजेड पडतो. डोळे उजेडाकडे जातात. सूर्यफूलही वळतं."

"हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि मी तुम्हाला आरशासकट दाखवतेय."

"तुला दिसतं कारण तुला बघायचंय," ते म्हणाले आणि पान उलटलं.

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. वहीत लिहिलं, 'आरसा, डावीकडे, दोनदा,' आणि खाली रेघ मारली. त्या दोन दिवसांत माझ्या मनात जे येऊ नये ते आलं. हा माणूस सूर्यफूल म्हणाला तिला. याला ती नको झाली आहे का? डॉक्टरणीने सगळ्या नातेवाइकांना शुश्रूषागृहाचं माहितीपत्रक वाटलं होतं. मी माझं फाडून टाकलं होतं, यांनी घडी घालून पिशवीत ठेवलेलं मी बघितलं होतं. पिशवीत आणखी काय आहे?

तेराव्या दिवशी शनिवार होता. तपासणारे डॉक्टर दुसऱ्या विभागातले होते, वयस्क, कमी बोलणारे, खिशात गोल आरसा घेऊन येत म्हणून आम्ही त्यांना आरशावाले म्हणायचो. मी वॉर्डाच्या दाराशी उभी होते. त्यांनी ताईसमोर आरसा फिरवला, काहीतरी लिहिलं, आणि भावोजींना म्हणाले, "साहेब, जरा खुर्ची पलीकडे घेता?" भावोजी उठले, पेपर, पिशवी, खुर्ची घेऊन खाटेच्या डाव्या बाजूला गेले आणि तिथेही पाठ करूनच बसले. पाच मिनिटांनी आरशावाले म्हणाले, "परत इकडे." मग पुन्हा तिकडे. सगळं झाल्यावर भावोजी दाराशी माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "हा तिला तपासायला आलाय की माझी कवायत घ्यायला?" मला तर मनातून आनंदच झाला. कुणीतरी त्यांना उठबशा काढायला लावल्या. का लावल्या, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

सुट्टीचा आठवडा गेला आणि दुसरा पंधरवडा सुरू झाला. भावोजी बदलले. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, खुर्ची खाटेला चिकटवून समोर. वर्तमानपत्र नाही. मी पोचले की लगेच, "लिही. अंगठा हलला, अकरा वाजून वीस मिनिटांनी. लिही. पापणी दोनदा, मी हाक मारल्यावर." एका दिवसात अकरा नोंदी. चौदा दिवस 'काही नाही' लिहिणारा माणूस मला हस्ताक्षर सुधार म्हणायला लागला. ताईशी बोलायचे पण. "अगं, बोट दाब. अगं, इकडे बघ." मी बघायचे तर कधी बोट हलायचं, कधी नाही. मला खात्रीने सांगता यायचं नाही.

कुणालाही आनंद झाला असता. मला भीती वाटली. बत्तीस वर्षांत हा माणूस एका दिवसात कशावर विश्वास ठेवायला लागलेला मी पाहिला नव्हता. मला वाटलं, यांनी ठरवलंय. तिला तिकडे पाठवायचं ठरवून टाकलंय, आणि आता वही भरून ठेवतायत, म्हणजे आपण सगळं करून पाहिलं असं पुढे म्हणता येईल. नाहीतर एवढा उमाळा कशाचा?

दहाव्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही, सव्वाअकराला पोचले. पेटी चालू होती, हिरवा दिवा लागलेला, पेटीवाल्या बाई टोकाच्या खाटेशी. भावोजी खुर्चीत नव्हते, चहा आणायला गेले होते. पिशवी खुर्चीवर होती. मी ती उघडली. मला लाज वाटली नाही, अजून वाटत नाही.

माहितीपत्रक होतं, पण ते फक्त एक कागद कोरडा ठेवायला गुंडाळलेलं होतं. त्या कागदाखाली टाँग टेस्टर होता. विजेवाल्यांचं हत्यार ते, चिमट्यासारखं. तार न कापता, नुसती चिमट्याच्या तोंडात धरली की आतून किती करंट जातोय ते काट्यावर दिसतं. हा लहानातला होता, बारीक करंट मोजणारा, त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेची चिठ्ठी अजून त्याला चिकटलेली. आणि कागदावर भावोजींच्या सरळ रेघांच्या तक्त्यात आकडे. पहिल्या पंधरवड्याच्या प्रत्येक तारखेपुढे: सुरुवातीला दोन, दुसऱ्या मिनिटाला शून्य. दुसऱ्या पंधरवड्यापुढे: दोन, दोन, दोन, वीस मिनिटं.

ते चहाचा कप घेऊन दारात उभे होते. मी कागद हातात धरून उभी. त्यांनी कप खिडकीत ठेवला.

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मी म्हणाले.

"दिवा लागला म्हणजे करंट जातो असं थोडंच आहे? मला बघायलाच हवं होतं."

"तिने सांगितलं होतं की एकदा दिखाऊ असणार. तुम्ही सही केलीत."

"कधी दिखाऊ ते सांगितलं नव्हतं." ते खुर्चीत बसले. "चाळीस वर्षं मी तेच काम केलंय. लोक म्हणायचे, साहेब, मीटर बरोबर आहे, विश्वास ठेवा. मी कधी ठेवला नाही. आणि तुझ्या ताईच्या डोक्याला तार जोडल्यावर ठेवू?"

"आणि पाठ करून का बसायचात?"

त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. मग म्हणाले, "लाइन बंद आहे हे एकदा दिसल्यावर तिथे बघत बसायचं कशाला? आणि तिचे ते डोळे. उघडे, आणि बघत नाहीत. मला नाही बघवत. करंट चालू होईल तेव्हा बघेन म्हटलं."

मला त्यांना मारावंसं वाटलं आणि त्यांच्याजवळ बसावंसंही वाटलं. मी बसले. पण मला खरा धक्का बसला होता तो त्यांच्यामुळे नव्हता. मी पाहिलेला आरसा करंट नसताना पाहिला होता. म्हणजे तो खोटा. त्यांनी पाहिलेला अंगठा करंट आहे हे माहीत असताना पाहिलेला. म्हणजे तोही कशावरून खरा? आम्ही दोघं रोज तिच्याकडे बघत होतो, आणि आमच्यापैकी एकाचंही बघणं आता कामाचं राहिलं नव्हतं. डॉक्टरणीने सांगितलं होतं ते हेच होतं.

"कुणाला सांगू नकोस," भावोजी म्हणाले. "चार दिवस राहिलेत. अभ्यासातून काढून टाकतील तिला."

मी नाही सांगितलं. पुढच्या सोमवारी बैठक होती आणि मीही मूग गिळून बसले.

बैठक म्हणजे एक लहान खोली, गोल टेबल, डॉक्टरीण, पेटीवाल्या बाई, व्यायाम घेणारे एक गृहस्थ आणि आम्ही दोघं. डॉक्टरणीने वही मागितली. तिने पानं चाळली. पहिल्या पंधरवड्यात 'काही नाही', 'काही नाही', मध्ये माझी एक नोंद रेघेसकट, आणि दुसऱ्या पंधरवड्यात पानंच्या पानं. तिचा चेहरा उजळत चाललेला मला दिसला. भावोजींनाही दिसला असणार. गप्प बसले असते तर दान कदाचित आमच्या बाजूने पडलं असतं. त्यांनी पिशवी उघडली आणि टाँग टेस्टर टेबलावर ठेवला.

"ती वही हिशेबात धरू नका," ते म्हणाले. "मी मोजत होतो. पहिला रिकामा होता, दुसरा खरा. मला माहीत असताना मी ते लिहिलंय. खोट असलेल्या मापावर मी कधी सही केलेली नाही."

पेटीवाल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. डॉक्टरणीने तो चिमटा हातात घेऊन बघितला.

"काका, आता मलाही कळलं, जे मला कळायला नको होतं."

"तिला काढणार का?"

"हे मला वर कळवावं लागेल. आमच्या अभ्यासात तिची नोंद कदाचित धरली जाणार नाही." तिने वही मिटून बाजूला सरकवली. "पण आजचा निर्णय वहीवर नव्हताच. तो तपासणीच्या कागदांवर आहे. त्या डॉक्टरांना तुम्ही काही सांगितलं नाहीत ना?"

"मी त्यांच्याशी बोललोच नाही. त्यांनी मला फक्त खुर्ची हलवायला लावली."

डॉक्टरणीने एक कागद वर काढला. "हो. तेच इथे आहे. तेरावा दिवस."

"तेरावा?" भावोजी म्हणाले. "म्हणजे पहिल्या पंधरवड्यातला? नाही. तेव्हा करंट नव्हता."

"ते तुम्ही आत्ता सांगितलंत. हा कागद त्याच्या आधीचा आहे." आणि तिने वाचलं. तिचा आवाज साधा होता, यादी वाचावी तसा. "आरसा डावीकडे नेला, नजर मागोमाग जाते. उजवीकडे नेला, नजर आरसा सोडून पुढे जाते, खुर्चीवर थांबते. खुर्चीत पाठमोरा माणूस, वर्तमानपत्र वाचत आहे. योगायोग असू शकेल. खुर्ची हलवून पुन्हा तपासावे." तिने पान उलटलं. "खुर्ची डावीकडे. नजर खुर्चीकडे, आरसा नेण्याच्या आधीच. खुर्ची उजवीकडे. नजर उजवीकडे. खुर्ची पुन्हा डावीकडे. नजर डावीकडे. पेशंट त्या माणसाला शोधते असे दिसते."

तिने तो कागद भावोजींपुढे सरकवला.

"दुसऱ्या पंधरवड्यात याहून थोडं जास्त आहे," डॉक्टरीण पुढे म्हणाली. "सांगितल्यावर बोट दाबलं, चारपैकी दोनदा. ते करंटमुळे की दिवस गेले म्हणून, एका पेशंटवरून मी सांगू शकत नाही. पण ती आत आहे, काका. पहिल्या पंधरवड्यातच होती. ती या वॉर्डात राहील."

मी भावोजींकडे बघितलं. मला वाटलं होतं, निदान आता तरी त्यांचा चेहरा खुलेल. ते टेबलावरच्या टाँग टेस्टरकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "तेराव्या दिवशी दिसलं. त्याच्या आधी?"

"आधीच्या शनिवारी आरसा दाखवला, तेव्हा तिला झोप लागत होती. मधल्या दिवसांचं आम्हाला माहीत नाही."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "नवव्या दिवशी हिने सांगितलं होतं."

आम्ही वॉर्डात परत आलो तेव्हा ताईच्या डोळ्यांवर खिडकीतला उजेड येत होता. भावोजींनी पडदा ओढला. खुर्ची खाटेजवळ आणली, समोर तोंड करून बसले. ताई छताकडे बघत होती. त्यांनी तिला बोट दाबायला सांगितलं नाही, हाक मारली नाही, काही तपासलं नाही. नुसते बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिचे डोळे खाली आले, हळूहळू, अडखळत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थांबले. किती वेळ थांबले ते मी मोजलं नाही आणि त्यांनीही घड्याळाकडे बघितलं नाही.

मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वही आण."

"वही आता कुणाला नकोय, भावोजी."

"तिला वाचून दाखवायला होईल. लिही. तारीख घाल, तिसऱ्या दिवसापासूनची." मी वही घेऊन आले. "नवरा पाठ करून बसला होता. बारा दिवस. ती शोधत होती आणि त्याने वळून बघितलं नाही. हे असंच लिही, सुधारू नकोस."

मी लिहिलं. ते थांबले तरी माझा हात थांबला नाही. मी खाली तिच्या पडण्याच्या दीड महिना आधीची तारीख घातली आणि शिडीचं लिहिलं, मीच 'मीटर लावा' म्हणाले तेही, ती किती हसली तेही. भावोजींनी वाकून वाचलं.

"तेव्हा तिने टाचण्या तोंडातून काढल्या होत्या," ते म्हणाले. "तेही घाल."